बारा फूट खोल, पण एकटाच

मी एक जुना पाया आहे. पण कसला! बारा फूट खोल गाडलेला सिमेंटचा खांब, तळाशी तांब्यासारखा फुगीर. मित्रांनो, भूकंप येऊ दे नाहीतर माती फुगू दे, मी जागचा हलत नाही. अंथुर्णे गावात माझ्यावर आख्खं घर उभं आहे... म्हणजे, राहणार होतं. सध्या मला शेळी बांधतात.

किल्लारीला भूकंप झाला, त्या साली इथल्या तानूबाईनं घरात झोपणंच सोडलं. अंगणात बाज टाकून नवऱ्याला, म्हस्कूला, म्हणाली, "न हलणारं घर बांधा, तवाच आत येईन."

म्हस्कूनं बारामतीहून इंजिनियर आणला. तो म्हणाला, "ही काळी माती. उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते. सोळा खांब खोल गाडा आणि वर तुळईनं एकमेकांना बांधा. भूकंपात एकट्याचं काम नाही."

पहिला मीच. इमाम गवंड्यानं मला जीव लावून ओतला. तानूबाईनं हळदकुंकू वाहिलं. मी पंधरा भावांची वाट बघत बसलो.

तेवढ्यात पारावरची मंडळी हसली, "म्हस्कूराव, घर बांधताय का बोर मारताय?"

म्हस्कूला ते लागलं. "जमिनीखालचं कोण बघतंय? जोतं उंच घ्या!" बाकीचे पंधरा खांब रद्द झाले, पाया दोन फुटांवर आला. माझ्या सळया दारात येत होत्या, म्हणून घरच दहा फूट सरकवलं. वास्तुशांतीला माझ्या सळयांवर पाव्हण्यांची धोतरं वाळत होती.

पावसात दार असं अडकलं की म्हस्कू खिडकीतून ये-जा करायचा. उन्हाळ्यात माझ्याकडची भिंत चिरली आणि आत कलली. तानूबाईची बाज बाहेरच राहिली, माझ्या शेजारी. तेवढीच सोबत.

मित्रांनो, घर बांधताना आधी माती बघा, मग जोतं. आणि कुणाला अर्ध्यावर एकटं सोडू नका. कितीही मजबूत असलं तरी करमत नाही हो.

शेवटी म्हस्कूला माझी आठवण झाली. भिंतीला भोक पाडून त्यानं ट्रॅक्टरची साखळी ओवली आणि ताणून मला बांधली.

इमाम म्हणाला, "अवो, माती हलती, ह्यो हलत न्हाय. साखळी काढा."

"ऱ्हाऊ द्या इमामभाई, आत्ता कुठं ह्यो कामाला आलाय!"

मला केवढा आनंद झाला! घर माझ्या हातात होतं.

पाऊस लागला. सगळी रानात होती. माती फुगली, घर चार बोटं वर उचललं गेलं. साखळी तुटली नाही. मी हललो नाही. भिंत आली.