सुतकातली पाहुणी

इंडोनेशियातल्या आमच्या गावच्या देवळाचा उत्सव होता. वेशीवर बसून मी पाहुण्यांना लुंग्या नि कमरेचे शेले नेसवत होते. पर्यटकांच्या एका गाडीतून मारित नावाची पन्नाशीची फिनलंडची बाई उतरली. शेला बांधून घेता घेता तिनं शेजारची 'सुतक असलेल्यांनी देवळात येऊ नये' ही पाटी वाचली आणि ती थबकली.

"सुतक किती दिवसांचं धरता?" तिनं मोडक्या इंडोनेशियनमध्ये विचारलं.

"का हो?"

"माझे वडील जाऊन बारा दिवस झालेत. तिकिटं आम्हा दोघांची काढली होती."

तिचा वाटाड्या शहरातला, घाईतला. तो म्हणाला, "अहो, चला आत! कोण विचारतंय तुम्हाला?"

"ही माणसं पाळतात ना? मग मीही पाळते. तू बाकीच्यांना घेऊन जा."

ती तिथेच दगडावर टेकली. ऊन रणरणत होतं. मला राहवेना. तिला मी शेजारच्या रेम्पेन काकींच्या अंगणात नेलं. काका नऊ दिवसांपूर्वी गेले, तेव्हापासून काकी धड बोलत नव्हत्या. आज सगळं गाव देवळात होतं, सुतकामुळे त्या एकट्याच घरी.

"आणलीस का आणखी एक फोटोवाली?" काकी खेकसल्या.

"काकी, हिलाही सुतक आहे. वडील गेले. म्हणून बाहेरच थांबली."

काकींनी तिला खालपासून वर न्याहाळलं. "किती दिवस झाले म्हणावं?"

"बारा."

"माझे नऊ. म्हणजे तीन दिवसांनी थोरलीच की माझ्याहून! बस म्हणावं, थोरल्या बाई."

मी इंडोनेशियनमध्ये सांगितलं तशी मारित हसली. काकीही हसल्या. मग त्यांनी स्वतः उठून कॉफी केली, उकडलेली रताळी पुढ्यात ठेवली.

इतक्यात देवळात वाद्यं सुरू झाली. काकी कान देऊन ऐकू लागल्या. मधेच ढोल अडखळला.

"चुकला मेला! चाळीस वर्षं ह्यांनी वाजवला, एकदा चूक नाही," असं म्हणता म्हणता त्यांचा आवाज फुटला. इतक्या दिवसांत त्या पहिल्यांदाच रडत होत्या. मी काही सांगायच्या आधीच मारितनं त्यांचा हात धरला. मग तीही रडू लागली. मी रताळी सोलत बसले.

वाद्यं थांबल्यावर काकींनी डोळे पुसले. "हिचे वडील काय करायचे, विचार बरं."

"होड्या बांधायचे," मारित म्हणाली, आणि बोटानं मातीत होडी काढून दाखवू लागली. काकी गुडघ्यावर हात टेकून खाली वाकल्या. "शीड कुठाय हिचं?"

पुढचे चार दिवस ती रोज आली. वाटाड्या नाही, कॅमेरा नाही, हातात केळ्यांचा घड. देऊळ तिनं काही पाहिलं नाही. पाचव्या दिवशी ती विमानानं गेली, आणि त्या संध्याकाळी काकी आपणहून वेशीवर येऊन माझ्याशेजारी बसल्या.

"पोचली असेल का गं ती?" त्यांनी विचारलं.