शेवटच्या चाकावरचा 'ख'

मित्रांनो, मी एक जुना शिक्का आहे, नंबर मारायचा. अंगानं पितळेचा, मूठ लाकडी आणि पोटात पाच चाकं. चार आकड्यांची, शेवटचं अक्षरांचं. ज्या कारागिरानं मला घडवलं, त्यानं पहिला ठसा स्वतःच्या तळहातावर उमटवून पाहिला आणि तो बायकोला दाखवायला आत पळाला. एवढं कौतुक पुन्हा कधी माझ्या वाट्याला आलं नाही.

मी कामाला लागलो तो घरपोच सामान पाठवणाऱ्या एका कंपनीत. ब्लँकेटं, दिवे, चपला, किटल्या, काय म्हणाल ते. गिऱ्हाईक घरबसल्या कॅटलॉग चाळायचं आणि फोन करून वस्तूचा नंबर सांगायचं. कंपनीचे कॅटलॉग दोन. एक जाडजूड, रंगीत. दुसरा पातळ, ठळक अक्षरांचा, म्हाताऱ्या डोळ्यांसाठी. ब्लँकेट दोन्हींत तेच, आकडेही तेच. फक्त जाड कॅटलॉगात नंबराच्या शेवटी 'क' असायचा आणि पातळ कॅटलॉगात 'ख'. गिऱ्हाइकानं सांगितलेला अख्खा नंबर मी ऑर्डरच्या चिठ्ठीवर उमटवायचा. महिनाअखेरीला चिठ्ठ्यांवरची अक्षरं मोजली, की कुठल्या कॅटलॉगानं किती माल विकला ते कळायचं. साहेब पाहुण्यांना मला हातात घेऊन दाखवत. तेव्हा मी जरा फुगलोच होतो, खोटं कशाला बोलू?

पातळ कॅटलॉग एकच बाई तयार करायची. प्रत्येक वस्तू स्वतः वापरून बघायची. किटलीचं झाकण थरथरत्या हातानं उघडतं का, हेसुद्धा. आणि फोनच्या टेबलाशी, माझ्याजवळ, बसायची तिची वहिनी. नणंद-भावजय सकाळी एकाच घरातून निघायच्या आणि दुपारी एकाच डब्यातून जेवायच्या. भांडायच्याही एकत्रच, बहुतेक वेळा साहेबांशी.

पुढे फोन वाढले. एक खाली ठेवावा, तोच दुसरा. वहिनी आकडे बिनचूक फिरवायची, कारण आकडा चुकला तर ब्लँकेटाऐवजी किटली जाणार. अक्षराचं चाक मात्र 'क'वर असायचं, ते तिथंच राहायला लागलं. गोदामातला माणूस आकडे बघून माल काढायचा, माल बरोबर पोचायचा, मग बोंब मारणार कोण? मला सगळं दिसत होतं. पण मित्रांनो, शिक्क्याला स्वतःचं तोंड नसतं. त्याला फिरवाल तेच तो बोलतो.

'ख' आटत गेला. शेवटी एका सकाळी साहेबांनी नणंदेला बोलावून सांगितलं, "बाई, तुमचा कॅटलॉग आता कुणी बघत नाही. आज छापखान्याला कळवून टाकतो, यापुढे छापू नका म्हणून." कॅटलॉग गेला की तिची नोकरीही जाणार, हे त्यांनी सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती.

ती आमच्या खोलीत आली आणि वहिनीच्या शेजारच्या खुर्चीत मटकन बसली.

"बंद करतायत," ती म्हणाली. "लोकांनाच नको असेल, तर मी तरी कुणासाठी जीव काढू?"

वहिनी तिला पाणी आणायला उठली. तेवढ्यात फोन वाजला आणि नणंदेनंच तो उचलला. पलीकडे एक आजीबाई होत्या. चष्मा सावरत, थांबत थांबत नंबर वाचत असाव्यात.

"हो आजी, शेवटी 'ख'. कळलं," नणंद म्हणाली. तिनं आकडे भराभर फिरवले आणि मला चिठ्ठीवर दाबलं.

'क' उमटला.

वहिनी पेला घेऊन दारात उभी होती. तिनं 'ख' ऐकला होता. जवळ येऊन तिनं चिठ्ठी पाहिली. ती गप्प बसली असती तर कुणाला काही कळलं नसतं. बोलली तर तिचीच खुर्ची जाणार होती. मी मनातल्या मनात ओरडत होतो, बोल बाई, बोल.

"वन्सं," ती हलकेच म्हणाली, "अक्षर फिरवलं नाहीत."

नणंदेनं चिठ्ठीकडे पाहिलं. मग भावजयीकडे.

"तू फिरवतेस ना?"

वहिनीनं पेला टेबलावर ठेवला. "नाही."

"कधीपासून?"

"फोन वाढले तेव्हापासून. मला वाटलं, माल तर बरोबर जातोय."

नणंद ताडकन उठली. ती मला उचलून भिंतीवर भिरकावणार, अशी माझी खात्री झाली. तिला राग आला होता, भयंकर आला होता. पण चिठ्ठी तिच्याच हातात होती आणि शाई अजून ओली होती. तिनं मला उचललं ते पदराखाली धरून.

"चल," ती म्हणाली.

साहेबांनी छापखान्याला फोन लावलाच होता. नणंदेनं चिठ्ठी आणि मला त्यांच्यासमोर ठेवलं आणि घडलं ते सांगितलं. साहेबांचे कान लाल झाले.

"हे कुणी केलं?"

"मी," वहिनी म्हणाली.

"आम्ही," नणंद म्हणाली. "ही आजची चिठ्ठी माझ्या हातची आहे, साहेब. माझ्याच कॅटलॉगाची."

साहेबांनी चिठ्ठी हिशेबाच्या वहीवर ठेवली आणि वही मिटली. फोनमधून छापखानेवाला हॅलो हॅलो करत होता. "ऐका," साहेब त्याला म्हणाले, "दोन्ही छापा."

वहिनीची खुर्ची राहिली आणि फोनसाठी आणखी एक बाई आली. नणंद-भावजयींत काही दिवस अबोला होता. मग कुठल्याशा क्षुल्लक गोष्टीवरून दोघी कडाडून भांडल्या आणि बोलणं सुरू झालं. 'ख' कधी 'क'च्या पुढे गेला नाही. पण आपलं पोट भरण्याइतकं तो कमावत होता, आणि तेवढं पुरलं.

आता मी कपाटात पडून असतो. नंबर मशीनवर घेतात, माझी शाई केव्हाच वाळली. त्याचं दुःख आहे, नाही असं नाही. पण मित्रांनो, तुमच्याकडे माझं एक मागणं आहे. कुणी तुम्हाला वस्तूचा नंबर विचारला, तर तो पुरा सांगा, शेवटच्या अक्षरापर्यंत. आणि तुम्ही लिहून घेणारे असाल, तर पुरा लिहा. त्या अक्षरामागे एखादी बाई किटलीचं झाकण उघडून बघत बसलेली असते, आणि आपलं काम कुणाला हवं आहे की नाही, हे तिला दुसरं कुणीच सांगणार नसतं.