दादाच्या बोयाची काठी

वयाची अठ्ठावन्न वर्षं उलटली, सायकल दुरुस्तीचं दुकान टाकून तीस वर्षं झाली, तरी घरात त्याला सगळे धाकटाच म्हणत. थोरला म्हणजे दादा. जन्मभर बस चालवली, आणि निवृत्त झाल्यावर एक लहानशी मोटारबोट घेऊन तो पाण्याच्या नादाला लागला.

एका दुपारी वहिनी दुकानात आल्या. स्टुलावर टेकल्या, नको नको म्हणत ग्लासभर पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "भावजी, हे काल पाण्यात पडले."

धाकट्याच्या हातातली ट्यूब घमेल्यात तशीच राहिली.

दादाची बोट धक्क्यापासून लांब, खाडीच्या मध्यावर उभी असे. तळाशी सिमेंटचा ठोकळा, ठोकळ्याला साखळी, साखळीच्या टोकाला तरंगणारा बोया आणि बोयाला जाड दोर. फेरी मारून आलं की इंजिन बंद करायचं, लगबगीने पुढच्या टोकाला जायचं, ओणवं होऊन आकडीने दोर उचलायचा आणि त्याचा फास बोटीवरच्या खुंट्याला अडकवायचा. वर्षभर दादाच्या हातांना कंप होता. उजवी मूठ तर मिटतच नव्हती. काल ओणवा झाला तो तोल जाऊन थेट पाण्यातच. एका मच्छीमाराने काखेत धरून वर ओढलं.

"सोबत कुणाला न्या म्हटलं, तर म्हणतात, बसला कधी दोन ड्रायव्हर असतात का?" वहिनी म्हणाल्या. "एक बोट सुटत नाही आणि दहा बोटं ऐकत नाहीत. तुम्हीच काहीतरी करा."

धाकट्याला पोहता येत नव्हतं, बोटीतलं फारसं कळत नव्हतं. पण धक्क्यावरच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीने त्याला उपाय सांगितला. दोराच्या फासाला उभी तरंगणारी काठी बांधायची. तिचं टोक बोटीवरच्या माणसाच्या छातीशी येतं. ओणवं व्हायला नको. काठी धरली, ओढली, की तिच्यामागून फास वर येतो.

त्याने बांबू आणला, तासला, वॉर्निश दिलं. मधोमध मासेमारीच्या जाळ्याचा तरंगता गोळा ओवला आणि तो सरकू नये म्हणून वरखाली जुन्या ट्यूबच्या पट्ट्या आवळल्या. दुकानामागच्या पिंपात सोडून पाहिलं, तर काठी आडवी. बुडाशी सायकलची जुनी चेन गुंडाळली, तर काठी उभी राहिली खरी, पण गळ्यापर्यंत बुडाली. मग दुसरा गोळा, मग चेनच्या चार कड्या कमी. पाचव्या दिवशी ती पिंपात अशी ताठ उभी राहिली की शेजारचा शिंपी कात्री हातात घेऊनच बघायला आला.

शनिवारी सकाळी दोघे भाऊ छोट्या होडीने बोयापाशी गेले. धाकटा एका हाताने होडीचा काठ घट्ट धरून बसला होता.

"आण इकडे, मी बांधतो," दादा म्हणाला.

ही गाठ दादानेच त्याला लहानपणी खाटेच्या पायाला बांधून शिकवली होती. आता दोराचं टोक दादाच्या हातात थरथरत वेढ्यापर्यंत जाई आणि हुकून परत येई. धाकट्याने किनाऱ्याकडे तोंड फिरवलं. बराच वेळ गेला. शेवटी दादाने दोर त्याच्या मांडीवर टाकला. "तूच बांध. चष्मा विसरलोय मी."

चष्मा दादाच्या नाकावरच होता. धाकट्याने गाठ मारली.

मग दादाने त्याला धक्क्यावर सोडलं, होडी घेऊन परत बोटीवर गेला, होडीचा दोर बोटीमागच्या आकड्यात अडकवला आणि एकटाच फेरीला निघाला. वहिनी धक्क्यावर येऊन थांबल्या होत्या.

तासाभराने बोट परतली. वारा वाढला होता. दादाने बोट अगदी बेताने काठीजवळ आणली. बस थांब्याला लावावी तशी. पुढे गेला, हात पुढे केला, काठी तळव्याला लागली आणि निसटली. वाऱ्याने बोट बाजूला गेली. तो मागे आला, इंजिन सुरू केलं, वळसा घालून पुन्हा आला. पुन्हा तेच. काठी ताठ उभी होती, हाताला लागतही होती. मूठ तेवढी मिटत नव्हती.

"दादा, डाव्या हाताने!" धाकटा ओरडला. वाऱ्याने ते शब्द उलटे त्याच्याच तोंडावर आणले.

पाचव्या वेळेला वहिनी म्हणाल्या, "मला नाही बघवत," आणि बघत राहिल्या.

धाकटा धक्क्यावरच्या पहारेकऱ्याच्या खोलीकडे धावला. धक्क्याला एक लाँच होती, पण किल्ली बंदराच्या साहेबांकडे आणि साहेब जेवायला गेलेले. "फोन लावतोय, उचलत नाहीत. मी तरी काय करू?" पहारेकरी म्हणाला. त्याचंही खरंच होतं.

तो परत आला तेव्हा दादाने काठी कोपराच्या बेचक्यात पकडली होती. दोन्ही हातांनी तिला कवटाळून तो बोटीच्या टोकाशी बसला होता. आता सोडली तर पुन्हा पहिल्यापासून, आणि न सोडता फास ओढायचा कशाने? तो नुसता बसून राहिला. बोट हेलकावे खात होती, काठी वाकत होती, आणि दादाने एकदाही धक्क्याकडे पाहिलं नाही. धाकटा दगडी कठड्यावर हात ठेवून उभा होता. मधे जेमतेम दोनशे हात पाणी.

अर्ध्या तासाने मासे घेऊन येणाऱ्या एका नावेतल्या लोकांनी त्याला बघितलं. त्यातला एक माणूस बोटीवर चढला, फास वर ओढून खुंट्याला अडकवला आणि दादाला होडीतून किनाऱ्यावर घेऊन आला.

दादाच्या शर्टाची बाही कोपरापाशी फाटली होती. आत लाल वळ. वहिनींनी पदराने त्याचं तोंड पुसलं.

"काठी चांगली झालीय," दादा धाकट्याला म्हणाला. "फक्त फूटभर आखूड आहे. तेवढी वाढवून दे."

"हो," धाकटा म्हणाला. "वाढवतो."

दादा पुढे चालू लागला. वहिनी मागे रेंगाळल्या, आवाज खाली आणून म्हणाल्या, "भावजी, काठी आखूड नव्हती."

"नव्हती."

"मग हो का म्हणालात?"

धाकट्याने आपल्या हातांकडे पाहिलं. वॉर्निशचे डाग अजून नखांत होते. "मला दुसरं काय येतं, वहिनी?" तो म्हणाला.

सोमवारी त्याने नवा बांबू आणला.