आठाचा गुणक, बाराचा गुणक

मुलुंडच्या चंद्रप्रकाश सामंतांचं आयुष्य बँकेच्या ऑडिटमध्ये गेलं. निवृत्त झाले तरी खोड सुटली नाही. भाजीवालीच्या काट्याकडेही ते वाकून बघत. त्यामुळे एकुलत्या एका मुलीने, प्रांजलने, चारकोपच्या चैतन्यशी लग्न करायचं म्हटलं, तेव्हा त्यांनी होही म्हटलं नाही आणि नाहीही. ‘बघू’ म्हणाले. त्या ‘बघू’पायी पोरगी वाळत चालली होती.

मध्यंतरी चैतन्यने त्यांना एक कॉम्प्युटर जोडून दिला. सुटे भाग त्यानेच निवडून आणले. सामंतांनी मशीनची कुंडली दाखवणारा एक प्रोग्रॅम उतरवून घेतला आणि त्यांना हवं ते सापडलं. मेमरीच्या खोक्यावर वेग ३२०० छापलेला, स्क्रीनवर १०६६. कुठेतरी पाणी मुरतंय, हे त्यांनी ताडलं. खरं सांगायचं तर त्यांना बरंच वाटलं. नकाराला कारण लागतं, आणि ते आयतं घरी चालून आलं होतं.

रविवारी चैतन्य आला. सामंतांनी खोकं त्याच्यापुढे सरकवलं.

“हा तर तिसरा हिस्सा. बाकीचा वेग कुठे गेला?”

प्रांजल स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

“काका, मेमरी घड्याळाच्या एका ठोक्यात दोनदा काम करते,” चैतन्य म्हणाला. “खोक्यावर दुप्पट आकडा छापतात. इथे नुसते ठोके दिसतात.”

“बरं. एक हजार सहासष्ट दुणे एकवीसशे बत्तीस. बत्तीसशे कुठे झाले?”

चैतन्यने खोकं उचलून पाहिलं. मग तो स्क्रीनजवळ गेला.

“मूळ घड्याळ १३३.३३चं असतं. त्याला गुणक लावतात. मदरबोर्ड आपला जपून आठ लावतो, म्हणून १०६६. बारा लावले की १६००, आणि त्याचे दुप्पट ३२००.”

“म्हणजे दुकानदाराने गंडवलं म्हण की.”

सामंतांची ही नोकरीतली जुनी युक्ती. समोरच्याला पळवाट दाखवायची आणि गप्प बसायचं. भलेभले त्या वाटेने गेलेले त्यांनी पाहिले होते. दारातून प्रांजलने हळूच मान हलवली, हो म्हण.

“नाही काका. माल चोख आहे,” चैतन्य म्हणाला. “बारा मी लावायचे होते. विसरलो. इतके दिवस तुमचं मशीन माझ्यामुळे हळू चाललंय.”

प्रांजलने डोळे मिटून घेतले. चैतन्यने मशीन बंद करून पुन्हा चालू केलं, सेटिंग बदललं. थोड्या वेळाने १६०० उमटले.

“बघा, काका.”

सामंत स्क्रीनकडे बघतच नव्हते. ते त्याच्याकडे बघत होते.

“प्रांजल, याच्या आईला फोन लाव. मला बोलायचंय.”

“काय बोलणार बाबा?” फोन हातात घेत तिने विचारलं.

“तारीख विचारतो.”