गव्हर्नरबाईंसोबत पळून जा

रविवारी सकाळी सुलेखानं मराठी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ते पोस्टर पाहिलं आणि भिजवलेले पोहे तसेच टाकून ती पोट धरधरून हसली. राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवार गव्हर्नर टेसा मॉर्लंड पोस्टरवर हात हलवत होत्या आणि खाली ठसठशीत मराठीत लिहिलं होतं, ‘टेसा पळत आहेत! चला, त्यांच्यासोबत पळून जा!’

भरल्या संसारातून उठून साठीच्या बाईंबरोबर पळून जायचं म्हणजे कमालच झाली. सुलेखानं ते पोस्टर शॉमबर्गमधल्या मैत्रिणींना पाठवलं, पुण्याच्या बहिणीला पाठवलं, आणि मग लेकीला दाखवायला वळली.

रुही तिची एकुलती एक. जन्म इथलाच, अमेरिकेतला. शिकागोतली भल्या पगाराची नोकरी सोडून ती याच गव्हर्नरबाईंच्या प्रचाराला लागली होती. त्यावरून मायलेकींचं कडाक्याचं भांडणही झालं होतं. आज मात्र तिचा पांढराफटक चेहरा पाहून सुलेखाचं हसणं थांबलं.

"आई, स्टॉप. ते मी लिहिलंय."

"तू?"

"इंग्लिशमध्ये ‘रन विथ टेसा’ आहे ना, ते सगळ्या लँग्वेजेसमध्ये करायचं होतं. मराठी येतं म्हणून मी व्हॉलंटिअर केलं. तुला सरप्राइज द्यायचं होतं गं."

सरप्राइज मिळालं होतं खरं. आणि ते नुसतं हसण्यावारी जाण्यासारखं नव्हतं. बाईंनी मागं उमेदवारांची टीव्हीवरची एक वादसभा चुकवली होती, तेव्हापासून त्यांचे प्रतिस्पर्धी सिनेटर हॅडली त्यांना पळपुटी म्हणत गावोगाव फिरत होते. आता हॅडलींच्या माणसांनी पोस्टरखाली इंग्रजी अर्थ छापून ते देशभर पसरवलं होतं: ‘पळतेय म्हणून आता या स्वतःच सांगतात!’ आयतं कोलीत मिळाल्यावर माकड काय गप्प बसतं?

प्रचारप्रमुख ग्रेगचा फोन येऊन गेला होता. त्याचं म्हणणं साधं होतं. पोस्टर लिहिणारीचं नाव जाहीर करायचं, तिनं न विचारता लिहिलं म्हणायचं, आणि तिला काढून टाकलं म्हणून सांगायचं. बळीचा बकरा हाताशी असला की हुशार माणसांना दुसरं काही सुचत नाही. दुपारच्या सभेआधी बाई काय ते ठरवणार होत्या.

"माझं नाव सगळ्या न्यूज चॅनल्सवर येईल," रुही म्हणाली. "मला पुन्हा कोण जॉब देणार, आई?"

नोकरी गेली तर दुसरी मिळेल, पण लेकीच्या नावाला देश हसणार, हे सुलेखाला सोसवेना. "तू लिहिलंस हे कुणाला सांगू नकोस," ती म्हणाली. "मीही सांगणार नाही. आपल्या मंडळात तर अजिबात नाही."

रुहीनं मान हलवली. तेवढ्यात तिचा फोन वाजला, आणि या वेळी ग्रेग नव्हता. तिनं फोन स्पीकरवर टाकला.

"मी राजीनामा देते, गव्हर्नर," ती इंग्रजीत घाईघाईनं म्हणाली.

"ते राहू दे," बाई म्हणाल्या. "मला सांग, तिथं नेमकं लिहिलंय तरी काय? कालपासून सगळे मला उत्तर काय द्यायचं ते सांगतायत, अर्थ कुणीच नीट सांगत नाही."

रुहीनं अडखळत सांगितलं. घरच्यांना चोरून, रात्री भिंतीवरून उडी मारून, प्रियकराबरोबर पळून जातात ना, तसलं पळून जाणं. पलीकडे बाई जे हसायला लागल्या, त्या थांबेचनात.

"बरं, मग तुमच्या भाषेत उमेदवार काय करतो?"

रुही आईकडे बघू लागली. सुलेखाचा इतका वेळ दाबून ठेवलेला राग एकदम उसळला. "अगं, निवडणुकीला माणूस उभा राहतो! पळतो कशाला?" असं आधी लेकीवर खेकसून मग ती फोनकडे वळली आणि आपल्या इंग्रजीत म्हणाली, "मॅडम, आमच्याकडे कुणी रन करत नाही. आमच्याकडे स्टँड करतात."

"कोण बोलतंय?"

"रुहीची आई."

"थँक यू, रुहीची आई," बाई म्हणाल्या आणि फोन ठेवला. नोकरी राहिली की गेली, याबद्दल चकार शब्द नाही.

दुपारची सभा दोघींनी टीव्हीपुढे बसून पाहिली. बाईंनी ते पोस्टर स्वतःच हातात धरलं होतं.

"हे माझं पोस्टर आहे," त्या म्हणाल्या. "खाली माझं नाव आहे, म्हणजे चूकही माझी. कुणी लिहिलं म्हणून सिनेटर विचारतायत. जिनं लिहिलं ती माझ्याकडे काम करते आणि उद्याही करणार आहे. तिच्या आईनं आज मला शिकवलं की त्यांच्या भाषेत निवडणुकीला पळत नाहीत, उभं राहतात. सिनेटर, पुढच्या वादसभेची तारीख तुम्ही ठरवा." आणि मग तोंड वेडंवाकडं करत, जीव तोडून, त्या मराठीत म्हणाल्या, "मी उबी आहे!"

सभेनं मंडप डोक्यावर घेतला. रुही आईच्या गळ्यात पडून लहान पोरीसारखी हमसून हमसून रडली. सुलेखाच्या छातीवरचा धोंडाच उतरला. सकाळपासून पाण्याचा घोटही घशाखाली गेला नव्हता, हे तिला आत्ता जाणवलं आणि कडकडून भूक लागली. पोह्यांचा तोवर पार लगदा झाला होता, पण त्या दिवशी तो दोघींनी मिटक्या मारत खाल्ला.

खाणं चालू असतानाच नीलांबरीचा फोन आला. ही मंडळाची सेक्रेटरी. तिच्या कानावर गेलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत शेजारच्या राज्यात, मिलवॉकीला पोचते.

"पाहिलंस ना गं भाषण? बाई ग्रेटच हं! पण मला सांग, असलं दिव्य मराठी लिहिणारी ही दिवटी कोण असेल?"

रुहीचा चमचा हवेतच थांबला. तिनं आईला मानेनंच नको नको म्हणून खुणावलं.

"आमचीच," सुलेखा म्हणाली. "माझी रुही. आणि तिला ज्या आईनं मराठी शिकवलं, ती मी. बोल, पुढं काय विचारायचंय?"