लसीआधीचा उपास

माशांच्या डॉक्टरीणबाईंनी बजावून सांगितलं होतं, "परवा लस टोचायची, तर उद्या दिवसभर माशांना काही म्हणजे काही घालायचं नाही. पोट भरलेलं असलं की सुई आतड्यात घुसते." काकूंनी लगेच खाद्याच्या खोलीला कुलूप ठोकलं आणि किल्ली कमरेला खोचली. "आणि तुम्ही," त्या काकांना म्हणाल्या, "टाकीकडे फिरकायचंसुद्धा नाही!"

गेल्या वर्षी रोगानं अर्धी टाकी नेली होती. औषध होतं, पण ते खाद्यातून द्यायचं, आणि आजारी मासा तोंडच उघडत नाही. सगळं औषध धडधाकट माशांनी मटकावलं आणि खरे रोगी उपाशी मेले. आता रोग शेजारच्या टाक्यांपर्यंत येऊन ठेपला होता. लस लागू पडायला तीन आठवडे लागणार, म्हणजे एकेक दिवस मोलाचा.

तरी काका टाकीकडे गेलेच. शेकडो तोंडं वर आली आणि आ वासून राहिली. काकांचं काळीज पाघळलं. खिशात सकाळचा पाव होता. एक तुकडा, फार तर दोन, असं म्हणता म्हणता त्यांनी खिसा झटकला.

लसीच्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी नमुन्यादाखल एक मासा चिरला आणि कपाळावर हात मारला. "पाव कोणी घातला?"

काकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आणि हा उकडलेला बटाटा?"

"तो माझा," मागे उभे असलेले काकूंचे सासरेबुवा खाकरले. "अगदी छोटा होता हो."

"आणि हे खाद्याचे दाणे?"

काका आणि सासरेबुवा दोघंही काकूंच्या कमरेकडे बघू लागले.

"असे काय बघताय?" काकू उसळल्या. "गेल्या वर्षी हात जोडले, तरी एकानं तोंड उघडलं नव्हतं. काल सगळे मागायला आले. मी नाही कसं म्हणू?" बोलता बोलता त्यांना रडू फुटलं. काकांनाही भरून आलं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "लस दोन दिवसांनी. ती तुमच्या फ्रीजमध्ये राहील. तुम्ही तिघं मात्र इथं राहायचं नाही." त्यांनी टाकीपाशी आपला ड्रायव्हर बसवला, ज्याला माशांचा वासही सोसत नसे, आणि या तिघांना गाडीत घालून स्वतःच्या घरी नेलं.

तिसऱ्या दिवशी टाकीतले सगळे मासे रिकाम्या पोटी, शहाण्यासारखे सुई टोचून घेऊन पाण्यात परतले. काकूंनी सुटकेचा निःश्वास सोडला.

डॉक्टरीणबाई घरी परतल्या, तर दिवाणखान्यातल्या काचेच्या पेटीत त्यांचा लाडका मासा नगाऱ्यासारखा फुगून तळाशी बसला होता. दोन दिवस त्याला तीन माणसांनी, एकमेकांची नजर चुकवून, जेवू घातलं होतं.