मिसरीची डबी

शहात्तर सालच्या उन्हाळ्यात सांगलीच्या डॉक्टरांनी छाती तपासली आणि माधवनगरच्या गिरणीत कामाला असलेल्या आकारामनं बिडी सोडली. त्या दिवसापासून त्याची बायको बनुबाई उठताबसता त्याच्यावर खेकसायला लागली. चहात साखर कमी आहे म्हटलं तरी भांडी आपटायची. बिडी सोडलेल्या माणसाशी जरा गोड बोलायचं, तर हे असलं, म्हणून तो मनात धुमसत होता.

एका सकाळी तलफ काही केल्या आवरेना. बायकोची दात घासायची मिसरीही तंबाखूचीच की, चिमूटभर दाढेला धरू, म्हणून त्यानं कोनाड्यातली तिची डबी हळूच उघडली.

आत भाजलेली बडीशेप होती.

"ठावं व्हतं मला, एक दिवस हात हितं येनार," मागून बनुबाई म्हणाली.

"आन् तुजी मिसरी?"

"तुमी बिडी सोडली, तवाच उकिरड्यावर टाकली. मी तंबाखू भाजायची आन् तुमी वास घेत बसायचं व्हय?"

आकारामनं डबी तिच्या हातात दिली. "म्हंजे इतके दिस माज्यावर खेकसत व्हतीस, ते..."

"मग?" त्याच्या तळहातावर बडीशेप ओतत ती म्हणाली. "तलप काय एकट्या बाप्यालाच येती?"